एका घरात एक गडू

“कापणार न्हाईत?”

आईने हे विचारलं तेव्हा डॉक्टर शिरगुप्पे स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून उभे होते. त्या काळ्या काचेसारख्या पडद्यावर आण्णांचं पोट होतं: राखाडी, ढगाळ, कुणीही न राहणाऱ्या प्रदेशाच्या नकाशासारखं. मिरजेतल्या त्या इस्पितळाच्या व्हरांड्यात दुपार आडवी पडली होती आणि फिनेलच्या वासात उन्हालाही काही करता येत नव्हतं.

“नाही, मावशी,” डॉक्टर म्हणाले. “पोट उघडायचं नाही असं ठरवलंय.”

आई खाली बसली. बैठकीला आलेली बाई जशी पदर सावरून भिंतीशी बसते, तशी ती बसली. तिच्या मनात त्या एका वाक्यापाशी सगळं संपलं होतं. पुढचं डॉक्टर माझ्याशी बोलले.

“लहान आतड्याच्या भिंतीला बाहेरच्या अंगाने पिशव्या आल्यात. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा धरतो ना, तशा. वयाने येतात, बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. यांच्यातली एक पिकली आणि फुटली.”

“फुटली?”

“फुटली. पण पोटात चरबीचा एक पडदा असतो. तो जाऊन तिथे चिकटला आणि त्याने वर झाकण घातलं. पू आहे, पण झाकणाखाली कोंडलेला. मी पोट उघडलं तर ते झाकण मलाच मोडावं लागेल. आणि यांचं हृदय, यांची छाती बघता, भुलीतून ते परत येतील असं मला छातीठोक सांगता येत नाही.”

“मग काय करायचं?”

“थांबायचं. आतड्याला काम द्यायचं नाही. नाकातली नळी जठर रिकामं ठेवेल, औषध शिरेतून जाईल. तोंडाने अन्न नाही, पाणी नाही, थेंब नाही. ताप उतरला, वारा सरला, तर आपण सुटलो.”

“आणि नाही उतरला तर?”

त्यांनी फिल्म पाकिटात सरकवली. “तर मग कापावंच लागेल. पण तेव्हा उशीर झालेला असेल.”

ते निघून गेले. बजरंगमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, इतका वेळ टोपी हातात घेऊन खांबाला टेकला होता. तो आईजवळ उकिडवा बसला.

“ताई, आमच्या हिच्या टायमाला हेच बोलले. शेम टू शेम. आता कापून उपेग न्हाई म्हणाले, आन जीपगाडीत घालून दिली.”

“मामा, हे तसं नाही,” मी म्हणाले. “मामींना त्यांनी परत पाठवलं होतं. इथे उपचार चालू आहे. न कापणं हाच उपचार आहे.”

“बरं,” आई म्हणाली.

हे ‘बरं’ माझ्या ओळखीचं होतं. कॉलेजात असताना मी तिला कविता वाचून दाखवी, तेव्हा शेवटी ती अशीच ‘बरं’ म्हणायची आणि चुलीकडे वळायची. आमच्या माणसांच्या हिशेबात सुरी ही आशेची खूण होती. ज्याला कापतात त्याच्यासाठी अजून कुणीतरी झटत असतं. ज्याला कापत नाहीत त्याला सोडून दिलेलं असतं. या समजुतीपुढे माझं एम.ए. कोरड्या विहिरीवरच्या रहाटासारखं फिरत राहिलं. आवाज येत होता, पाणी येत नव्हतं.

*

आण्णा, म्हणजे माझे वडील हिंदुराव सावर्डेकर, सांगलीच्या हळदपेठेतले मापाडी. उभा जन्म काट्यापाशी गेला. पेठ सोडून काही वर्षं लोटली होती तरी नखांच्या कडांतली, तळहाताच्या रेघांतली हळद निघाली नव्हती. भरती केलं त्या दिवशी सिस्टर भोरेंनी त्यांचा हात उलटा-सुलटा करून विचारलं होतं, “कावीळ होती का यांना?”

“कावीळ न्हाई सिस्टर,” आण्णा कळा सोसत म्हणाले होते, “पेठ हाय ती.”

आता ते वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेवर होते. नाकात नळी, तिचं दुसरं टोक खाटेच्या कडेला लटकणाऱ्या पिशवीत, आणि पिशवीत पावसाळी डबक्यासारखं हिरवट पाणी. जे काही जठरात साचेल ते त्या वाटेने बाहेर येत होतं. ओठांवर पापुद्रे धरले होते. जीभ दिसली की मला उन्हाळ्यातलं कृष्णेचं वाळवंट आठवे.

मी जवळ गेले तेव्हा ते सलाइनच्या नळीकडे बघत काही पुटपुटत होते. वाकून ऐकलं.

“लाभ… दोन… तीन… चार…”

मापाडी कधी ‘एक’ म्हणत नाही. पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतो, मग दोन, मग तीन. जगातली प्रत्येक मोजणी आण्णांच्या तोंडी लाभापासूनच सुरू व्हायची: धान्य असो, पायऱ्या असोत, माझ्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या असोत. आता ते शिरेत उतरणारे थेंब मोजत होते.

“कशाला मोजताय आण्णा?”

“माल कुणाचा का असंना, मापात खोट नको.” मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, “उजे, काय म्हणाला डॉक्टर?”

“औषधाने बरं होईल म्हणाले. ऑपरेशनची गरज नाही.”

ते हसले. नळीमुळे हसणं एकाच गालावर उमटलं.

“पेठेत माझं आयुष्य गेलं बाळ. माल घ्यायचा असला की पोतं काट्यावर चढवत्यात. घ्यायचा नसला की कुणी वाईट बोलत न्हाई, शिव्या देत न्हाई. नुसतं बाजूला ठिवत्यात.” डोळे मिटून ते म्हणाले, “मला बाजूला ठिवलंय.”

मी त्यांना झाकणाचं सांगितलं, पडद्याचं सांगितलं, सायकलच्या ट्यूबचंही सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “तुझी आई कुठं हाय?”

“घरी गेलीय. दिवा लावून येते म्हणाली.”

“हं,” आण्णा म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. “लाभ… दोन…”

*

आई दिवा लावायला गेली नव्हती.

आमच्या देवघरात अन्नपूर्णेच्या मागे एक तांब्याचा गडू होता, मुठीत मावेल एवढा, गंगेचं पाणी भरून तोंडाला डाख देऊन कायमचा बंद केलेला. पेठेतल्या लोकांनी एके वर्षी गाडी केली आणि काशी केली, तेव्हाचा तो. आईला दोन घ्यायचे होते. घाटावरचा तांबट दुसऱ्याला डाख द्यायला बसलाही होता. आण्णांनी त्याला थांबवलं.

“एका घरात एक गडू बास.”

“आवं, माणसं दोन हाईत की.”

“म्हणूनच. दोन असलं की दोघांच्याबी डोस्क्यात एकदमच जायाचं येतंय.”

“मग ह्यो माझा,” आई म्हणाली होती. “मी म्होरं जाणार. कपाळाला कुंकू घिऊन.”

“जा की. मी कुठं धरून ठिवलंय?”

हा संवाद पुढे आमच्या घरात सणासारखा परत परत यायचा. दिवाळीच्या आधी आई चिंचेने देवाची भांडी घासायची, त्यात गडूही असायचा. आण्णा जाता-येता म्हणायचे, “शालन, तुझा गडू भरलेला हाय का अजून? बघ, हलवून बघ.” आई तो कानाशी नेऊन हलवायची. आत खळ्‌कन आवाज व्हायचा, एखाद्या बंद मुठीत कुणी हसावं तसा. “भरल्याला हाय,” ती म्हणायची. “माझा हाय न्हवं, कशाला रिकामा हुतोय?” आणि दोघंही आपापल्या कामाला लागायची. मरणाचा असा रोजच्या भांड्यासारखा वापर मी नंतर कुठल्याच कवितेत पाहिला नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी, भेटायच्या वेळेला, माणसं आली. आईने गावाकडे निरोप धाडला होता. चुलते आले, पेठेतले दोन हमाल आले, शेजारच्या बायका आल्या. खाटेभोवती उभं राहून त्यांनी आण्णांना हात जोडले. तब्येत कशी आहे हे कुणीच विचारलं नाही. ज्याची तब्येत विचारायची असते त्याच्याकडे माणसं डोळ्यांनी बघतात; ही माणसं आण्णांच्या पायांकडे बघत होती.

बजरंगमामाने पिशवीतून कागदाची पुडी काढली. उघडायच्या आधीच लसणाचा, भाजक्या शेंगदाण्यांचा वास सुटला. भडंग होतं. आण्णांचा जीव होता त्याच्यावर.

“दाजी, एक घास घ्या.”

मी पुडी त्याच्या हातातून काढून घेतली. “मामा, हा घास आत गेला तर आतलं झाकण सुटेल. कळतंय का? याने ते मरतील.”

मामाने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला त्याचा राग धरता येईना.

“उजे, तू शिकल्याली हाईस. पर बाई, माणूस इच्छा ठिवून गेला म्हंजी काय होतंय ते पुस्तकात नसतंय. मरायचं तर हाईच. खाऊन तरी मरू दे.”

“मरायचं नाहीये!”

माझा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरचा रोगी कुशीवर वळला. सिस्टर भोरे लगबगीने आल्या आणि त्यांनी सगळ्यांना हात हलवून बाहेर काढलं. “भेट झाली ना? चला आता. ही जत्रा आहे का? चला बाबा.” माणसं गेली. पुडी माझ्या हातात राहिली. तिच्यातून तेल झिरपून माझ्या बोटांना लागत होतं, आणि आण्णा त्या बोटांकडे टक लावून बघत होते.

आई तेवढी गेली नव्हती. ती खाटेच्या पलीकडे उभी होती आणि तिच्या पदराखाली काहीतरी होतं.

“आई, काय आहे ते?”

तिने पदर बाजूला केला. गडू होता. त्याचं तोंड मोकळं होतं, कडा दातेरी, कुठे आत वळलेल्या, कुठे बाहेर. तिने तो कुणाकडे नेला नव्हता. स्वतःच, उंबऱ्यावर बसून, विळीच्या पात्याने डाख उचकटला होता. तिच्या अंगठ्याला चिंधी होती आणि चिंधीवर सुकलेलं रक्त.

“आई, नाही.”

“कोरड्या तोंडानं पाठवू व्हय त्यास्नी?”

“कुठे पाठवत नाही आपण त्यांना. अगं, थेंबसुद्धा नको असं डॉक्टरांनी—”

“डॉक्टरनं सोडलंय त्यास्नी. तू सोडू नगंस म्हणतीस, बरं हाय. मी कुठं सोडतीय? पर तहान बघ त्यांची. बघ.” तिचा आवाज अजिबात हलत नव्हता. “शेचाळीस पावसाळं ह्या माणसाला जेवाय वाढलं मी. एक दिस उपाशी ठिवला न्हाई. आन आता जाताना पाणी न्हाई?”

तिने पिशवीतून पळी काढली, तांब्याची, देवघरातली. गडू कलता केला. मी खाटेवरून वाकून तिचं मनगट धरलं. बारीक, हाडाचं, बांगड्यांनी भरलेलं मनगट. पळीतलं पाणी हेलकावलं आणि थोडं चादरीवर सांडलं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, आण्णांच्या अंगावरून एकमेकींकडे हात पसरून. जणू एकच पूल दोन्ही काठांवरून बांधायला घेतला होता आणि मधला दगड काही बसत नव्हता.

तेव्हा आण्णांनी तोंड उघडलं.

नुसतं तोंड उघडलं, पिलं उघडतात तसं, आणि आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात मला जागा नव्हती. माझी बोटं सुटली.

आईने पहिली पळी त्यांच्या तोंडात घातली. कोरड्या जमिनीत पाणी मुरावं तसा त्यांचा घसा हलला.

“लाभ,” आण्णा म्हणाले.

“गप गिळा,” आई म्हणाली.

“दोन,” ते म्हणाले. “तीन.”

तिने थोडं राखून ठेवलं असतं तर? पण उघडलेली गंगा घरात परत नेत नाहीत. शिवाय राखून ठेवावं असं तिच्या मनात त्या वेळी आलं असेल असं मला वाटत नाही. गडू लहानसा. तळ गाठल्यावर तिने तो उलटा धरून शेवटचा थेंब त्यांच्या ओठावर पडू दिला आणि पदराने त्यांची हनुवटी पुसली.

मग ती स्टुलावर बसली आणि एखादं मोठं कार्य उरकल्यासारखा तिने श्वास सोडला.

मी मात्र नळीकडे बघत होते. नाकातल्या त्या पारदर्शक नळीत आधी काही नव्हतं. मग स्वच्छ पाण्याची एक रेघ खाली सरकू लागली. पिशवीतल्या हिरव्या पाण्यात ती उतरली, हिरवं पाणी फिकट झालं, पिशवी जडावली. नळी तिचं काम करत होती. जे जे जठरात पडेल ते बाहेर आणायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

“उजे,” आईने विचारलं, “गेलं न्हवं पोटात?”

मी दोन पावलं सरकून, पिशवी तिला दिसू नये अशी मधे उभी राहिले.

“गेलं,” मी म्हणाले.

*

सिस्टर भोरे पिशवी रिकामी करायला आल्या तेव्हा आई खाली हातपाय धुवायला गेली होती. त्यांनी पाणी मापाच्या भांड्यात ओतलं, उजेडाकडे धरलं, आणि मग टेबलावरच्या फाटक्या तोंडाच्या गडूकडे पाहिलं.

“काय पाजलंत?”

“गंगा.”

सिस्टर खवळतील असं मला वाटलं. त्यांच्या गळ्यातला बारीक क्रूस भांड्यावर झुलत होता. “नळी आहे म्हणून ठीक,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “सगळं परत आलंय. डॉक्टरांना मला सांगावं लागेल. पुन्हा नाही हं.”

“नाही. आता उरलंच नाही.”

भांडं घेऊन त्या दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. परत वळून माझ्यापाशी आल्या.

“हे कुठे ओतू?” त्यांनी विचारलं.

मला वाटतं, त्या इस्पितळात त्या भांड्यातलं पाणी कुठे ओतायचं हे त्यांनी कधीच कुणाला विचारलं नसेल. मी खिडकीतून खाली पाहिलं. खाली सिमेंटचं अंगण होतं, वाळत घातलेल्या चादरी होत्या, कुठे तुळस नव्हती, कुठे मातीही नव्हती.

“रोज ओतता तिथेच,” मी म्हणाले.

मोरीत पाणी पडल्याचा आवाज मी ऐकला. एवढ्या लांबच्या प्रवासाला एवढासा आवाज.

*

त्यानंतर ताप वाढला. डॉक्टर शिरगुप्पे सकाळ-संध्याकाळ येत, पोटावर हात ठेवून डोळे मिटत, आणि दर खेपेला तोच प्रश्न विचारत, “वारा सरला का आजोबा?” आण्णा मान हलवत. आई भिंतीशी बसून होती. तिने डोक्याला तेल लावणं सोडलं, कुणाशी बोलणं सोडलं. तिचं रडून झालं होतं, निरोप देऊन झाला होता. आता ती फक्त गाडीची वाट बघत थांबलेल्या माणसासारखी थांबली होती. एकदा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “उद्या सकाळपर्यंत बघू. नाहीतर मला हात घालावा लागेल.” मी आईला ते सांगितलं नाही. कापणार म्हटल्यावर तिला आशा वाटली असती, आणि ती आशा मला बघवली नसती.

सकाळी आण्णांचं कपाळ ओलं लागलं. घाम होता. पारा खाली आला होता. मी पुन्हा पुन्हा हात लावून पाहत राहिले; चुकीच्या दारावर आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा माझा त्या गारव्यावर विश्वास बसेना. दुपारी आण्णांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि चोरी कबूल करावी तसे कुजबुजले, “उजे, सरला.”

“काय?”

“वारा.”

शेजारच्या खाटेवरचा रोगी मोठ्याने म्हणाला, “अवो, सगळ्या वॉर्डाला कळलंय ते!” आईने पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलू लागले. ती हसत होती. कितीतरी वेळ हसत होती, आणि तिच्या हसण्यात कुठे काय बदललं ते मला कळलं नाही, पण पदर काढला तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं.

नळी निघाली. डॉक्टर खुशीत होते. “झाकण टिकलं. आम्ही काही केलं नाही, आम्ही फक्त लुडबुड केली नाही.” मग ते आईला म्हणाले, “मावशी, घ्या, तुमच्या हातानं द्या. दोन चमचे पाणी. सावकाश.”

आईने स्टीलच्या पेल्यातून चमचा भरला. भरलेला चमचा तिने अर्धा परत पेल्यात ओतला. गंगा देताना तिने थेंब राखला नव्हता. आण्णांनी तोंड उघडलं, पाणी घेतलं. मी वाट पाहत होते, पण त्यांनी मोजलं नाही. त्यांची नजर टेबलावरच्या गडूवर गेली होती. उन्हात त्याच्या दातेरी कडा चमकत होत्या. कितीतरी दिवस तो तिथेच होता. पण आतापर्यंत तो मरणाऱ्या माणसाने पाहिला होता, आणि आता जगणाऱ्याने पाहिला.

“शालन,” ते म्हणाले, “त्यो माझ्यात का वतलास?”

आई दुसरा चमचा भरत होती. तिने मान वर केली नाही.

“मग कुणात वतू?”

*

आण्णा घरी आले. पथ्याचं खाऊ लागले, अंगणात फेऱ्या घालू लागले. ज्या माणसांनी त्यांना हात जोडले होते ती रस्त्यात भेटली की ओशाळी होत, जणू आण्णांनी त्यांना फसवलं होतं. गडू देवघरात आपल्या जागी परत गेला, अन्नपूर्णेच्या मागे, उघड्या तोंडाने. दिवाळीच्या आधी आई चिंचेने भांडी घासायला बसली. आण्णा गडूकडे न बघता तिथून गेले. आईनेच त्यांना हाक मारली.

“आवं, आता म्हणा की हलवून बघ.”

तिला गंमत करायची होती. आण्णा मागच्या दारी निघून गेले आणि जेवायची वेळ होईपर्यंत आत आले नाहीत. ती गंमत पुन्हा आमच्या घरात झाली नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघांनी मरणाला माणसाळवलं होतं. आता ते पुन्हा रानटी होऊन उंबऱ्यावर बसलं.

काशीला पुन्हा जाऊ, असं दर वर्षी ठरे. दर वर्षी डॉक्टर लांबच्या प्रवासाला नको म्हणत. बजरंगमामा म्हणाला, कुणी जाणारा असला तर आणायला सांगू. आई म्हणाली, “दुसऱ्याच्या हातचं नको. आमची आम्ही जाऊ.” सुट्टीत मी राहत होते त्या तासगावहून घरी आले की आण्णा मला अंगणात गाठत आणि हलक्या आवाजात तेच सांगत.

“तिचं पाणी मी पिऊन बसलोय, उजे.”

तुम्ही ते प्यायलाच नाहीत, असं मी त्यांना सांगू शकले असते. तेवढ्याने त्यांचं ओझं उतरलं असतं. पण मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, मग गेलं कुठं? आणि मला ती मोरी दिसे, सिस्टरचं थबकणं दिसे. त्यांच्या पोटात ते पाणी होतं तोवर निदान ते कुणाच्या तरी पोटात होतं. मी म्हणे, “आण्णा, चहा घेता?”

मे महिन्यातली एक सकाळ. आई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी आतून तिच्याशी काहीतरी बोलत होते आणि तिने उत्तर दिलं नाही. बाहेर आले तर सूप कलंडलं होतं, तांदूळ पायरीवरून खाली सांडत होते, आणि आई खांबाला टेकून एका बाजूला झुकली होती. कपाळावर कुंकू होतं, सकाळीच लावलेलं, ठसठशीत. तिने म्हटल्याप्रमाणे ती पुढे निघाली होती. श्वास होता, पण दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. गल्लीतले डॉक्टर आले, मनगट धरून बसले आणि मग त्यांनी ते हळूच जमिनीवर ठेवलं.

बायका जमल्या. कुणीतरी म्हणालं, “गंगा आणा. देवघरात असंल बघा.”

आण्णा उठले. मी त्यांच्या मागे गेले. त्यांनी अन्नपूर्णेच्या मागचा गडू उचलला, तो क्षणभर कानाशी नेला, हलवला. मग ते मागच्या दारी गेले. नळाला सकाळचं पाणी अजून होतं. बारीक धारेखाली त्यांनी गडू धरला. धार त्या फाटक्या तोंडावर आपटून त्यांच्या बाहीवर उडत होती. वळताना त्यांनी मला पाहिलं. मी बाजूला झाले आणि त्यांना वाट दिली.

ओसरीवर ते गुडघे टेकून बसले. आईचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाशी वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “शालन, गंगा हाय.”

पळी तिच्या ओठांना लावली.

“लाभ,” आण्णा म्हणाले.

पाणी ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं आणि गालावरून, मानेवरून खाली, सांडलेल्या तांदळात गेलं. त्यांनी दुसरी पळी भरली. ती भरलेली पळी तशीच हातात धरून, पुढचा आकडा ओठांवर घेऊन, ते थांबून राहिले.